आधी नकार, मग क्रेडिट

मुंबईच्या आसपास रस्त्यासाठी, रेल्वेसाठी किंवा विमानतळासाठी खारफुटी तोडल्याची बातमी आली, की इथल्या आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘अमेरिकेत असं चालत नाही. इथे एक एकर पाणथळ बुजवायची तर दुसरीकडे तेवढी तयार करून द्यावी लागते. त्यासाठी चक्क बँका आहेत!’ बोलणारा माणूस बहुधा जाणकार असतो. कधी सिव्हिल इंजिनियर, कधी पर्यावरण सल्लागार कंपनीत काम करणारा. आणि त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘हे मॉडेल आपल्याकडे नेलं पाहिजे.’

ते नेलं जाऊ लागलंच आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३मध्ये ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम जाहीर केले. त्यांत झाडं लावण्याबरोबर खारफुटीचं संवर्धन आणि पुनरुज्जीवनही मोजलं आहे. झाडं लावा, क्रेडिट मिळवा, ते विका, अशी मूळ कल्पना होती. पुढच्याच वर्षी आलेल्या पद्धतीत, कायद्याने सक्तीची असलेली वनीकरणाची भरपाई या क्रेडिटमधून भागवता येईल अशी सोयही केली गेली. तेव्हा ‘अमेरिकेत बघा’ या वाक्याला आता वजन आलं आहे. ते वाक्य तुमच्या-माझ्यासारख्या, इथे राहणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं की तिकडे जास्तच ऐकलं जातं. म्हणून आज तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कायद्यातून या बँका जन्मल्या, त्यात बँक ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे नकार. आपण शेवटची तेवढी उचलून घरी न्यायला निघालो आहोत.

कायदा १९७२चा, क्लीन वॉटर ॲक्ट. त्याच्या ४०४व्या कलमाखाली पाणथळ जागेत भराव घालायचा तर आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता खात्याचा परवाना लागतो. आणि या परवान्यावर पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची नजर असते. थोरल्या जॉर्ज बुशनी १९८८च्या निवडणुकीत पाणथळ जागांची ‘नो नेट लॉस’, म्हणजे निव्वळ घट शून्य, असं आश्वासन दिलं आणि पुढे ते सरकारचं धोरण झालं. १९९०च्या करारात त्याचा क्रम लिहून ठेवला आहे. आधी नुकसान टाळा. टाळता येत नसेल तर कमीत कमी करा. एवढं करूनही जे उरेल त्याची भरपाई करा. पहिल्या पायरीत अर्जदाराला सिद्ध करावं लागतं की पाणथळ नसलेली दुसरी जागा त्याला मिळतच नाही. प्रकल्पाला पाण्याशी काही देणंघेणं नसेल, म्हणजे तो मॉल असेल किंवा गोदाम असेल, तर दुसरी जागा आहे असंच गृहीत धरलं जातं आणि ती नाही हे दाखवायचं ओझं अर्जदारावर पडतं.

बँक येते ती या सगळ्यानंतर. एखादी कंपनी किंवा सार्वजनिक संस्था बिघडलेली पाणथळ जागा घेते. बांध फोडते, ओहोळ पुन्हा खणते, माजलेलं गवत मारते, स्थानिक गवत लावते. सरकारी खात्यांची मिळून एक समिती आराखडा तपासते. जमिनीवर कायमचा निर्बंध चढतो, पुढच्या देखभालीसाठी निधी बाजूला ठेवावा लागतो. मग क्रेडिट टप्प्याटप्प्याने सुटतात. काही करार झाल्यावर, काही पाणी खेळायला लागल्यावर, आणि उरलेले किमान ५ वर्षं देखरेख करून ठरवलेली लक्ष्यं गाठली तरच. ज्याला परवाना मिळाला आहे तो हे क्रेडिट विकत घेतो. न्यू जर्सीत भरतीच्या पाणथळीचं एक क्रेडिट काही लाख डॉलरला जातं. पैसे दिले की त्याची जबाबदारी संपते आणि ती बँकेच्या डोक्यावर येते. २००८पासून सरकारी नियमांतच बँकेला इतर पर्यायांच्या वर स्थान आहे.

(बँक हा शब्द इथे मला खटकतो. बँकेत आपण आपलं ठेवतो आणि आपलंच काढतो. इथे ठेवणारा एक, काढणारा दुसरा, आणि जे काढलं जातं ते कधी ठेवलंच नव्हतं.)

आता जागा बघा. तुमच्यातले बरेच जण ती रोज बघतात. न्यू जर्सी टर्नपाइकवर सिकॉकसच्या आसपास दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचं, तुरे आलेलं पिंगट गवत दिसतं. ते फ्रॅग्मायटीस, आपल्याकडच्या नळाचं भावंड. मधूनच पाण्याचा चमकता तुकडा, विजेचे मनोरे, कचऱ्याचे हिरवे झालेले डोंगर, मागे मॅनहॅटन. हे हॅकेन्सॅक मेडोलँड्स. १९६८च्या कायद्याने आखलेला हा जिल्हा सुमारे ३० चौरस मैलांचा, १४ गावांत पसरलेला. एकेकाळी इथे पांढऱ्या सीडरची दलदलीतली जंगलं होती. १९व्या शतकात बांध घालून शेती काढायचे प्रयोग झाले. रायगडच्या खारेपाटातल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतील. १९२०च्या दशकात वर ओराडेलला धरण झालं, गोडं पाणी अडलं, खाडीचं खारं पाणी वर चढलं. सीडर गेले, नळ आला. मग रेल्वे, गोदामं, कचरा, पारा. बेरीज क्रीक हा इथला ओहोळ पाऱ्यामुळे सुपरफंडच्या यादीत आहे. एवढं होऊनही सुमारे साडेआठ हजार एकर पाणथळ शिल्लक आहे, आणि अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या राज्यात ती शिल्लक असणं हीच नवलाची गोष्ट आहे.

सॉल्ट मार्श म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या खाजणाचंच थंड प्रदेशातलं रूप. तिथे तिवर आणि कांदळ, इथे स्पार्टिना नावाचं गवत. भरतीला बुडायचं, ओहोटीला उघडं पडायचं, मुळांनी चिखल धरायचा, माशांची पिल्लं सांभाळायची, आणि वादळात वर येणारं पाणी अंगावर घ्यायचं.

या मेडोलँड्समध्ये कार्लस्टॅट गावात ५८७ एकरांचा एक तुकडा आहे, एम्पायर ट्रॅक्ट नावाचा. १९९०च्या दशकात मिल्स कॉर्पोरेशन या कंपनीने तिथे प्रचंड मॉल बांधायचं ठरवलं. आराखड्यात २०६ एकर पाणथळ बुजवायची होती. भरपाई म्हणून उरलेली जागा ‘सुधारून’ देणार होते: नळ काढू, ओहोळ खणू, भरती आत आणू. कागदावर फार देखणा प्रस्ताव होता. आधीच बिघडलेली जागा, तिचा एक भाग मॉलला गेला आणि बाकीची छान झाली, तर वाईट काय? आपल्या गप्पांतला तो जाणकार मित्र असता तर त्याने हेच विचारलं असतं.

ईपीएने विरोध केला. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याने विरोध केला. पर्यावरण संघटना, पक्षी बघणारे लोक, आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं सुनावण्यांना जात राहिले. प्रश्न एकच होता: मॉलला दलदलच का लागते? परवाना काही मिळाला नाही. शेवटी कंपनी तिथून उठली आणि काही मैलांवर, स्टेडियमशेजारच्या जागेवर गेली. तिथे बरीचशी जमीन आधीच भराव घातलेली, पार्किंगची होती. मॉल झालाच. आधी त्याचं नाव झनाडू होतं, आता अमेरिकन ड्रीम. २०१९मध्ये उघडला, आणि भर उन्हाळ्यात मुलांना घेऊन बर्फावर घसरायला तुम्ही तिथेच जाता. त्या जागीही थोडी पाणथळ गेली, पण ती दहा एकरांच्या आत. आणि एम्पायर ट्रॅक्ट २००५च्या सुमारास मेडोलँड्स कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या ताब्यात आला. ज्या पक्षीप्रेमी कार्यकर्त्याने त्याच्यासाठी जन्म वेचला त्याचं, रिचर्ड केन यांचं, नाव आज त्या जागेला आहे.

बँक आली ती यानंतर. केन नॅचरल एरियातल्या दोनशेहून अधिक एकरांवर पुढे मिटिगेशन बँक झाली. नळ मारला, बांध मोडले, ओहोळ खणले, स्पार्टिना लावली. शेजारीच तिच्याहून जुनी, एका गॅसवाहिनी कंपनीच्या उपकंपनीने १९९९मध्ये सुरू केलेली बँक आहे. दोन्ही जागी आज भरतीचं पाणी आत-बाहेर करतं, बगळे उतरतात. काम चांगलं झालं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण क्रम लक्षात घ्या. ५८७ एकर वाचले ते कुणीतरी वर्षानुवर्षं ‘इथे नाही’ म्हणत राहिल्यामुळे. मॉलचा प्रस्ताव मंजूर झाला असता तर त्यातही ‘पुनरुज्जीवन’ होतंच, शिवाय २०६ एकरांवर डांबर. तुमचा मित्र ज्या बँकेकडे बोट दाखवतो, ती बँक ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन नकाराने राखलेली आहे.

आता हिशेब. ‘एक एकर बुजवला तर एक एकर तयार होतो’ असं आपण समजतो. मेडोलँड्समधल्या बँकांची जमीन आधीही पाणथळच होती. नळाने भरलेली, बांधाआड कोंडलेली, पण पाणथळ. बँकेने तिची प्रत सुधारली. नवा एकर जन्माला आला नाही. म्हणजे दुसरीकडे गोदामासाठी एक एकर बुजवला आणि इथे तीन एकर सुधारले, तर क्रेडिटच्या वहीत जमाखर्च जुळतो आणि नकाशावर एक एकर कमी होतो. ‘निव्वळ घट शून्य’ या शब्दांखाली घट झाली आहे. जिथे कोरड्या झालेल्या जमिनीवर पुन्हा पाणी आणलं जातं तिथे असं होत नाही. पण शहराजवळ तशी जमीन महाग आणि सुधारणा स्वस्त, त्यामुळे बाजार कुठे वळणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

देशाचा आकडाही पाहा. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या २०२४च्या अहवालानुसार २००९ ते २०१९ या दहा वर्षांत अमेरिकेने ६ लाख ७० हजार एकर झाडझाडोऱ्याच्या पाणथळी गमावल्या. सॉल्ट मार्शची घट २ टक्के. यातलं सगळं परवान्यांच्या माथी मारता येणार नाही. खाजणांचा मोठा घास वाढत्या समुद्राने घेतला आहे. पण ज्या दहा वर्षांत बँकांची पद्धत पूर्ण बहरात होती त्या दहा वर्षांचा हा आकडा आहे. ‘अमेरिकेत घट होत नाही’ असं पुन्हा कुणी म्हणालं तर तो सांगा.

आणि ‘प्रत सुधारली’ म्हणजे तरी काय? इथे मला रटगर्समधल्या ज्युडिथ वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यांनी याच भागातल्या स्पार्टिना आणि फ्रॅग्मायटीसची तुलना केली. नळ हा सर्वांचा शत्रू. बँकेच्या आराखड्यात त्याला मारणं हे पहिलं कलम. पण त्यांना आढळलं की चिखलातले जड धातू नळ मुळांतच जास्त अडकवून ठेवतो. स्पार्टिना ते पानांत चढवते आणि पानांवरून मिठाबरोबर बाहेर टाकते, म्हणजे ते पुन्हा पाण्यात आणि खाण्यात येतात. शिवाय नळाखालची जमीन वेगाने वर चढते, आणि समुद्र वर येत असताना हा काही छोटा गुण नाही. याचा अर्थ नळ ठेवाच असा नाही. पक्ष्यांच्या आणि माशांच्या दृष्टीने स्पार्टिनाच्या बाजूनेही बरंच बोलता येतं. पण पारा साचलेल्या खाडीकाठी एक गवत काढून दुसरं लावलं की जमिनीची किंमत अमुक पट वाढली, असं म्हणणारा तक्ता ज्या खात्रीने भरला जातो, ती खात्री शास्त्रज्ञांकडे नाही. बाजाराला मात्र ती लागते, कारण शंका विकता येत नाही.

मेडोलँड्समधलं माझं सर्वांत आवडतं पुनरुज्जीवन कुणीच केलेलं नाही. लिंडहर्स्टजवळच्या सॉमिल क्रीकवर जुने बांध आणि पाण्याची दारं होती, डास कमी करण्यासाठी आणि जमीन कोरडी ठेवण्यासाठी. नोव्हेंबर १९५०च्या वादळाने ती फोडली आणि नंतर ती दुरुस्त झाली नाहीत. भरती आत आली आणि आतच राहिली. बांधाआड जमीन खचलेली होती, त्यामुळे आधी उघडं पाणी आणि चिखलाच्या सपाट्या झाल्या, मग कडांनी स्पार्टिना धरू लागली. आज ते राज्याचं वन्यजीव क्षेत्र आहे. डीकॉर्ट पार्कच्या लाकडी वाटेवरून ओहोटीच्या वेळी बघा, चिखलावर शेकडो पाणपक्षी टिपत असतात. ना क्रेडिट, ना सल्लागार. पाणी येऊ दिलं, एवढंच. खचलेल्या जमिनीमुळे सगळीकडे गवत आलं नाही, हेही खरं. एकदा बांध घालून सुकवलेलं खाजण पूर्वीसारखं होत नाही, आणि ‘दुसरीकडे करून देतो’ म्हणणाऱ्याला हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे, हाही प्रश्न आहेच. फ्लोरिडातल्या बँकांचा अभ्यास रूल आणि सॉल्झमन या दोन कायदेपंडितांनी २००६मध्ये प्रसिद्ध केला. शहरी, दाट वस्तीतल्या पाणथळी बुजल्या आणि भरपाई विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात झाली, असं त्यांना दिसलं. एकरांचा हिशेब जुळला असेलही, पण ज्यांच्या घरामागची पाणथळ गेली ती माणसं त्या हिशेबात नव्हती. ऑक्टोबर २०१२मधली सँडी वादळाची रात्र तुमच्यातले अनेक जण विसरले नसतील. हॅकेन्सॅकचं पाणी मातीचे बांध ओलांडून मूनाकी आणि लिटल फेरीच्या घरांत शिरलं. मूनाकीत फिरत्या घरांची वस्ती आहे, म्हणजे सर्वांत कमी पैशाची माणसं. तीही पाण्यात गेली. सँडीच्या वेळी पाणथळींनी पूर्व किनाऱ्यावरचं सुमारे ६२ कोटी ५० लाख डॉलरचं नुकसान वाचवलं, असा अंदाज २०१७च्या एका अभ्यासाने मांडला आहे. हे वाचवणं त्या-त्या जागेचं असतं. समोरच्या दलदलीने माझं घर वाचवलं, तर ती दलदल चाळीस मैलांवर ‘हलवून’ मला काय मिळालं?

आता तुमच्या मित्राची बाजू. तो म्हणेल, बँका नव्हत्या तेव्हा काय होतं? त्याचं बरोबर आहे. प्रत्येक बिल्डर आपल्या पार्किंगमागे एक डबकं खणायचा, दोन रोपं लावायचा आणि निघून जायचा. कुणी बघायला जायचं नाही. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१च्या अहवालाने स्पष्टच सांगितलं की ‘निव्वळ घट शून्य’ हे लक्ष्य गाठलं जात नाही आहे. त्या डबक्यांपेक्षा शंभर-दोनशे एकरांची, पाण्याचा रीतसर विचार केलेली, कायमचा निर्बंध असलेली बँक कितीतरी बरी. शेवटच्या पायरीवर पोचलेल्या प्रकल्पाने बँकेकडूनच क्रेडिट घ्यावं, यावर माझं काही म्हणणं नाही.

माझी तक्रार पायऱ्या गाळण्याबद्दल आहे. तयार क्रेडिट दुकानात ठेवलेलं असलं की ‘टाळा’ हे कलम ढिलं पडतं. अर्जदार पैसे घेऊन उभा, क्रेडिट तयार, अधिकाऱ्यासमोर फायलींचा ढीग; मग दुसरी जागा खरंच नाही का, हे किती खोदून विचारलं जाणार? नकाराचं शेवटचं हत्यार ईपीएच्या हातात आहे, परवाना रोखण्याचा अधिकार. १९७२पासून २०२३मधल्या अलास्कातल्या पेबल खाणीपर्यंत तो एकूण १४ वेळा वापरला गेला. इतक्या वर्षांत १४. आणि सगळ्या बाजाराचा पाया कायदाच आहे, हे सॅकेट खटल्याने दाखवून दिलं. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणती पाणथळ संघराज्याच्या कायद्याखाली येते ही व्याख्याच आकसून टाकली. भरतीच्या खाजणांना त्याची थेट झळ कमी आहे, पण आतल्या भागातल्या कितीतरी जागा बाहेर फेकल्या गेल्या. परवाना नको, तर क्रेडिट कोण घेणार? बँकेच्या भांडवलावर निसर्ग वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे डोळे उघडे ठेवून बघावं.

आणि महाराष्ट्र? तिथे आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा बळकट आहे आणि तिची आपण कधी बढाई मारत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी कायम केली. खारफुटी नष्ट करणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं म्हटलं. भोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम नाही. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तरच आणि तोही न्यायालयाची परवानगी घेऊन. म्हणजे सुरुवातच नकारापासून. न्यायालयाने अनेक प्रकल्पांना पुढे परवानगी दिली, हे खरं आहे आणि त्यावर रागही यावा. पण बुलेट ट्रेनचा आकडा बघा. सुरुवातीला ५३ हजारांहून अधिक खारफुटीची झाडं तोडावी लागतील असं सांगितलं गेलं होतं. टीका झाली, परवानग्यांचे अडथळे समोर होते, ठाणे स्थानकाचा आराखडा बदलला. डिसेंबर २०२२मध्ये न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा आकडा २२ हजारांच्या आत आला होता. तीसेक हजार झाडं उभी राहिली ती कुणी कुठे रोपं लावली म्हणून नाही, अभियंत्यांना पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं म्हणून.

आता कल्पना करा, त्याच वेळी बाजारात खारफुटीचे क्रेडिट उपलब्ध असते. ५३ हजार झाडं, त्याच्या कितीतरी पट रोपं तयार, दर ठरलेला. आराखडा बदलायची तसदी कुणी घेतली असती का? २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत तर अपवाद म्हणून दिलेल्या परवानगीबरोबर किमान तिप्पट खारफुटी लावण्याची अट आहेच. तिप्पट हा शब्द ऐकायला भरघोस वाटतो. पण खारफुटी ज्या चिखलात आपणहून उगवत नाही तिथे ती बहुतेक वेळा काही कारणाने उगवत नसते: पाणी फार खोल, लाटा फार, किंवा भरती अडलेली. मग रोपं लावली जातात ती अनेकदा उघड्या चिखलाच्या सपाटीवर, जिथे रोहित पक्षी खायला येतात. एक अधिवास मारून दुसरा अर्धामुर्धा वाढवायचा आणि त्याला भरपाई म्हणायचं. ग्रीन क्रेडिटच्या सुरुवातीच्या पद्धतीत एका झाडाला एक क्रेडिट आणि दोन वर्षांनी मोजणी होती. २०२५मध्ये ती मुदत ५ वर्षांवर आली, हे बरं झालं. तरी एकक झाडच आहे. भरतीचं पाणी आत-बाहेर होतं की नाही हे त्या एककात कुठेच बसत नाही, आणि खाजणाचा जीव त्या पाण्यातच असतो.

तेव्हा नेण्यासारखं इथून काय आहे, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. कायमचा निर्बंध न्या. देखभालीचा निधी आधीच बाजूला काढून ठेवण्याची अट न्या. पाणी खेळल्याशिवाय क्रेडिट सुटू न देण्याची शिस्त न्या. आणि ‘मॉलला दलदलच का लागते’ हा प्रश्न न्या, अर्जदाराच्या खर्चाने. दुकान मागाहून उघडता येईल.

इथे असतानाही करण्यासारखं बरंच आहे आणि ते अवघड नाही. भरतीच्या पाणथळीत भराव घालण्याचा मोठा अर्ज आला की कोअरचा न्यूयॉर्क जिल्हा सार्वजनिक सूचना काढतो आणि साधारण पंधरा ते तीस दिवस लोकांची मतं मागवतो. ती सूचना इंटरनेटवर सर्वांना दिसते. मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही नाही. दोन परिच्छेद पुरतात: दुसरी कोणती जागा पाहिली आणि ती का नाकारली; ज्या बँकेचं क्रेडिट घेणार ती बुजणाऱ्या जागेपासून किती दूर आहे; तिथे नवी पाणथळ होणार आहे की होती तीच सुधारणार आहेत. या प्रश्नांची नोंद फाइलमध्ये राहते आणि अधिकाऱ्याला त्यांचा विचार करावा लागतो.

आणि गावाकडे, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गात, तुमच्या घरच्यांच्या खाडीकाठी जनसुनावणी लागली तर तिची सूचना निदान ३० दिवस आधी निघाली पाहिजे आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, असं २००६ची केंद्राची अधिसूचना सांगते. तो सारांश मागवून घ्या. शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असते तेव्हा, काका-आत्यांना फोन लावून त्यांच्याबरोबर तो वाचा. ‘पर्यायी जागा’ या मथळ्याखाली किती ओळी आहेत ते मोजा, आणि सुनावणीला जाणाऱ्याने पहिला प्रश्न त्या ओळींवर विचारावा.